उत्रारचा माल : इतिहासात सर्वात महाग पडलेली लूट

माणसाच्या घोडचुकांची यादी करायला बसले की ठरावीक नावे पुढे येतात. नेपोलियनची १८१२ सालची रशियावरील स्वारी, रशियाच्या झारने १८६७ साली अवघ्या ७२ लाख डॉलरमध्ये अमेरिकेला विकून टाकलेला अलास्का, वगैरे. अशा याद्या बहुधा युरोपच्या पुस्तकांतून उचललेल्या असतात, म्हणून त्यांत उत्रारचे नाव सहसा सापडत नाही. वास्तविक नफा-तोट्याच्या हिशेबाने पाहिले तर पहिला क्रमांक उत्रारचाच लागेल. इ.स. १२१८ मध्ये या सरहद्दीच्या शहरात एका अधिकाऱ्याने व्यापाऱ्यांचा काफिला अडवला, माल जप्त केला आणि सुमारे साडेचारशे माणसे मारून टाकली. पुढच्या चार वर्षांत बुखारा, समरकंद, गुरगंज, मर्व, नेशापूर आणि हेरात ही त्या काळच्या इस्लामी जगातली भरलेली शहरे एकामागून एक उजाड झाली.

उर्दू माध्यमातून शिकलेल्या आमच्या पिढीला हा काळ नसीम हिजाजी यांच्या 'आखरी चट्टान' या कादंबरीतून ठाऊक झाला. त्यात जलालुद्दीन ख्वारिज्मशाहची बहादुरी आहे, तातारांचा कहर आहे, आणि वाचताना रक्त उसळते. पण तातार आले का, हा प्रश्न त्या जोशात मागे राहून जातो. त्याचे उत्तर तलवारीपाशी सापडत नाही, ते कापडाच्या गाठींपाशी सापडते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

या प्रकरणाची हकीकत चार जणांनी लिहून ठेवली आहे. अता मलिक जुवैनी हा मंगोलांच्या नोकरीत होता. नसवी हा जलालुद्दीनचा चिटणीस. इब्न अल-असीर मोसुलमध्ये बसून लिहीत होता आणि मिन्हाज सिराज जुझजानी जीव वाचवून हिंदुस्थानात आला व दिल्लीत त्याने आपला ग्रंथ पुरा केला. चौघांचे हितसंबंध वेगळे, बारीकसारीक तपशिलात फरकही आहेत, पण मूळ रक्कम चारही वह्यांत सारखीच आहे. व्यापारी माल घेऊन आले, त्यांना मारले, माल ठेवून घेतला.

थानांचा भाव

सुरुवात मात्र चांगली झाली होती. मंगोल लोक गावे वसवून राहणारे नव्हते. त्यांच्याकडे घोडे, लोकर, कातडी मुबलक, पण अंगावर घालायच्या चांगल्या कापडाची टंचाई. चंगीजखानाने टोळ्या एक केल्या, रस्त्यांवर पहारे बसवले आणि येणाऱ्या व्यापाऱ्याला अभयपत्र देण्याचा हुकूम काढला. ही खबर बुखाऱ्याकडे पोहोचली तेव्हा तिघा व्यापाऱ्यांनी मिळून माल भरला. जरीचे कापड, साधे सुती कापड आणि जंदनीची थाने.

जंदनीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. बुखाऱ्याजवळच्या जंदना गावाच्या नावावरून हे कापड ओळखले जाई. बुखाऱ्याचा इतिहास लिहिणारा नरशखी दहाव्या शतकात सांगतो की हे कापड आजूबाजूच्या कितीतरी गावांत विणले जाते, पण सुरुवात जंदन्यात झाली म्हणून सगळे त्याच नावाने विकले जाते. इराक, फारस, किरमान आणि हिंदुस्थानपर्यंत त्याची गिऱ्हाइकी होती आणि अमीर-उमराव किनखापाच्या भावाने ते घेत असत. एका गावचा माल दुसऱ्या नामांकित गावच्या नावाने खपवण्याचा धंदा आजकालचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हजार वर्षांपूर्वीचा हा दाखला लक्षात ठेवावा.

असो. तिघांपैकी अहमद बालचिख याला खानापुढे उभे केले गेले. त्याने काय विचार केला असेल ते सांगायला नको. तंबूत राहणारा माणूस, याला कापडातले काय कळणार? जुवैनीच्या म्हणण्याप्रमाणे, दहा-वीस दिनारांना खरेदी केलेल्या थानाचे त्याने सोन्याच्या तीन लगडी मागितल्या. खान संतापला. या माणसाला वाटते की आपल्याकडे यापूर्वी कधी कापड आलेच नाही! त्याने आपल्या कोठारातली जुन्या खानांची उंची वस्त्रे बालचिखला दाखवायला लावली, त्याचा माल वाटून टाकला आणि त्याला अडकवून ठेवले.

दुसऱ्या दोघांनी हे पाहिले आणि भाव बोलायचेच नाकारले. हा माल आम्ही खानासाठी आणला आहे, एवढेच ते म्हणाले. खान खूश झाला. जरीच्या प्रत्येक थानाला सोन्याची एक लगड आणि सुती व जंदनीच्या दर दोन थानांना चांदीची एक लगड, असा भाव त्याने स्वतःच बांधून दिला. एवढेच नव्हे तर बालचिखलाही परत बोलावून त्याच भावाने पैसे चुकते केले. या गिऱ्हाइकाला मालाची पारख होती आणि तो उधारी ठेवत नव्हता. असे गिऱ्हाईक मिळाले तर कोणती पेढी त्याला हातचे जाऊ देईल?

यानंतर खानाने उलट काफिला पाठवायचे ठरवले. आपल्या मुलांना, सरदारांना आणि अधिकाऱ्यांना त्याने सांगितले की प्रत्येकाने आपली दोन-तीन माणसे निवडावीत, त्यांना सोन्या-चांदीचे भांडवल द्यावे आणि ख्वारिज्मच्या मुलखात व्यापाराला पाठवावे. निवडलेली माणसे सगळी मुसलमान होती. जुवैनी संख्या ४५० देतो. जुझजानी ५०० उंटांवर लादलेल्या सोने-चांदी आणि रेशमाचा उल्लेख करतो. म्हणजे भांडवल एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची. आपल्या फिकहच्या किताबांत ज्याला मुदारबत म्हणतात, जवळपास तोच व्यवहार. वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण उत्रारच्या अधिकाऱ्याने जे लुटले ते फिरत्या व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातले नव्हते. ते चंगीजच्या घराण्यातल्या जवळजवळ प्रत्येक बड्या माणसाचे भांडवल होते.

उत्रारच्या दरवाजात

उत्रार आज कझाकस्तानच्या दक्षिण भागात, सीर दर्याच्या खोऱ्यात, मातीच्या ढिगाऱ्याच्या रूपात आहे. त्याचे जुने नाव फाराब. थोर तत्त्वज्ञ अल-फाराबी इथलाच. पूर्वेकडून येणाऱ्या काफिल्याला ख्वारिज्मच्या राज्यात शिरताना लागणारे हे पहिले मोठे शहर होते. इथला हाकीम इनालचूक, त्याचा किताब गाइरखान. तो सुलतान अलाउद्दीन मुहम्मद ख्वारिज्मशाहची आई तुर्कान खातून हिच्या नात्यातला होता. हे नाते पुढे फार महाग पडले.

जुवैनी सांगतो की काफिल्यात एक हिंदी माणूस होता. हाकिमाची आणि त्याची जुनी ओळख. त्याने किताब न लावता सरळ 'इनालचूक' म्हणून हाक मारली. हाकिमाला ते झोंबले. पण एका हाकेवरून साडेचारशे मुडदे पडत नाहीत. खरी गोष्ट जुवैनीने त्याच दमात सांगितली आहे, ती म्हणजे मालाची हाव. गाइरखानने सर्वांना नजरकैदेत टाकले आणि सुलतानाला कळवले की हे व्यापारी नाहीत, हेर आहेत.

ते हेर होते का? काही आधुनिक अभ्यासक तशी शक्यता मानतात. माझे म्हणणे असे की प्रत्येक व्यापारी थोडाफार हेर असतोच. तो रस्ते विचारतो, धान्याचा भाव विचारतो, जकात किती, हाकीम कसा, कोणाचे कोणाशी पटत नाही हे विचारतो. ते न विचारता माल भरणारा दिवाळखोर होतो. ख्वारिज्मचे व्यापारी मंगोलांच्या मुलखात जाऊन हेच करत होते. संशय होताच तर माल परत देऊन सरहद्दीबाहेर काढता आले असते.

सुलतानाने काय हुकूम दिला यावर मतभेद आहेत. जुवैनी आणि इब्न अल-असीर म्हणतात की ठार मारण्याचा हुकूम त्याचाच होता. नसवीच्या मते त्याने फक्त नजर ठेवायला सांगितले होते आणि पुढचे गाइरखानने स्वतःच्या हिमतीवर केले. नसवीने काफिल्यातली काही नावेही दिली आहेत. त्यांत एक उमर ख्वाजा उत्रारी आहे, म्हणजे तो त्याच शहरचा होता. परमुलखातून आपल्या गावी परतला आणि गावच्या हाकिमाने त्याला मारले. दुसरा एक अमीनुद्दीन हरवी, म्हणजे हेरातचा. या सगळ्यांपैकी एकजण निसटला आणि त्याने खानाला खबर पोहोचवली.

मालाचे काय झाले? इब्न अल-असीर लिहितो की तो सुलतानाकडे गेला आणि सुलतानाने तो बुखारा व समरकंदच्या व्यापाऱ्यांत वाटून त्यांच्याकडून त्याची किंमत वसूल केली. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. बाजारात कुणालाच ठाऊक नव्हते काय, की हा माल कुठून आला? घेणाऱ्यांना नकार देण्याची सोय नसेल, हेही मान्य. पण त्या गाठी ज्या दुकानांत उतरल्या ती दुकाने दोन वर्षांनी कुणाच्याच मालकीची राहिली नाहीत.

सुलतानाला माहीत नव्हते काय?

समोरचा माणूस कोण आहे हेच ठाऊक नव्हते, अशी सबब सुलतानाला देता येत नाही. त्याने बहाउद्दीन राजी याच्या हाताखाली एक शिष्टमंडळ आधीच चीनकडे पाठवले होते. चीनमधले किन घराण्याचे राजधानीचे शहर, म्हणजे आजच्या बीजिंगच्या ठिकाणचे शहर, मंगोलांनी १२१५ मध्ये घेतले होते. त्या शहराजवळ लांबून एक पांढरी टेकडी दिसली, लोकांना वाटले बर्फ असेल, आणि जवळ गेल्यावर कळले की माणसांच्या हाडांचा ढीग आहे, ही बहाउद्दीनने सांगितलेली हकीकत जुझजानीने लिहून ठेवली आहे. म्हणजे अहवाल हातात आला होता.

नंतर चंगीजचे वकील सुलतानाकडे आले. त्यांत महमूद ख्वारिज्मी होता, जन्माने सुलतानाच्याच मुलखातला. खानाचा निरोप होता की आपल्या दोघांत व्यापाराचा रस्ता खुला असावा आणि मी तुम्हाला माझ्या सर्वात लाडक्या मुलासारखा मानतो. 'मुलासारखा' हा शब्द सुलतानाला बोचला. मुत्सद्दी भाषेत मुलगा म्हणजे मांडलिक. रात्री त्याने महमूदला एकांतात बोलावले, एक मौल्यवान रत्न त्याच्या हातात ठेवले आणि माझा खबऱ्या हो म्हणाला. मग विचारले, खरोखरच त्याने चीन जिंकला आहे का, त्याची फौज माझ्याएवढी आहे का? महमूदने सुलतानाचा चेहरा पाहिला आणि तुमच्या फौजेपुढे त्याची फौज काहीच नाही असे उत्तर दिले. सुलतान खूश झाला, करार झाला. नसवीची ही हकीकत प्रत्येक पेढीच्या मालकाने वाचण्यासारखी आहे. विचारणारा रागावलेला आणि उत्तर देणाऱ्याचा जीव त्याच्या मुठीत. अशा वेळी बाजारभाव खरा कळत नसतो.

त्याआधी काराखिताई राज्य मोडकळीस आणण्यात सुलतानाचा हात होता. या लोकांचा मुलूख त्याच्या आणि मंगोलांच्या मधोमध होता. त्यांचा पाडाव झाल्यावर दरबारात आनंदीआनंद झाला, पण सय्यद मुर्तजा नावाचे एक बुजुर्ग दुःखी होऊन बसले होते. मधली भिंत पडली, आता पलीकडची कौम आपल्या दारात आली, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे कुणी ऐकले नाही. बगदादच्या खलिफाशी भांडण काढून १२१७ मध्ये सुलतान तिकडे चालून गेला होता, तो डोंगरातल्या बर्फाने हैराण होऊन परतला. म्हणजे १२१८ उजाडले तेव्हा पश्चिमेला मित्र नाही, पूर्वेला भिंत नाही, आणि घरात आई आणि मुलगा यांचे दोन वेगळे दरबार. अशा वेळी शहाणा माणूस नवे वैर विकत घेत नाही.

आणि तरीही चूक दुरुस्त करण्याची संधी मिळाली होती. उत्रारची बातमी ऐकल्यावर चंगीजने लगेच फौज काढली नाही. त्याने पुन्हा वकील पाठवले. प्रमुख वकील मुसलमान, बुघरा नावाचा, ज्याचा बाप पूर्वी ख्वारिज्मच्याच दरबारात होता. सोबत दोन मंगोल. मागणी एकच, गाइरखानला आमच्या हवाली करा. सुलतानाने बुघराला ठार मारले आणि दोघा मंगोलांच्या दाढ्या काढून त्यांना परत पाठवले.

करार पाळणे ही दिव्य कुरआनची स्पष्ट आज्ञा आहे. वकिलाला मारू नये हा दंडक प्रेषित मुहम्मद (स.) यांनी, खोट्या पैगंबराचे वकील समोर उभे असतानाही पाळला. दरबारात उलेमांची कमतरता नव्हती, तेव्हा सुलतानाला हे माहीत नसेल असे म्हणवत नाही. पण गाइरखान आईच्या नात्यातला, आईच्या पाठीशी किपचाक व कांगली तुर्क सरदार, आणि फौजेचा कणा तेच. गाइरखानला दिले असते तर तख्त हलले असते. एका नातेवाईक नोकराला वाचवण्यासाठी मालकाने अख्खी पेढी गहाण टाकली.

फौज मंगोलांपेक्षा कमी नव्हती. शहाबुद्दीन खीवकी या आलिमाने सल्ला दिला की सगळे बळ सीर दर्याच्या काठी एकत्र करा आणि दूरवरून थकून आलेल्या शत्रूला तिथेच गाठा. पण एकत्र झालेली फौज आपल्यावरच उलटेल ही धास्ती सुलतानाला होती, म्हणून त्याने ती शहराशहरांत वाटून टाकली. समरकंदभोवती मोठा कोट बांधण्यासाठी एका वर्षात तीन वेळा कर गोळा केला, असे नसवी सांगतो. कोट उभा राहिला नाही, पैसे मात्र रयतेच्या खिशातून गेले.

वसुली

१२१९ च्या शरद ऋतूत मंगोल उत्रारसमोर आले. गाइरखान पाच महिने लढला, कारण त्याला ठाऊक होते की आपल्याला माफी नाही. शेवटी किल्ल्याच्या छपरावरून विटा फेकत लढताना तो जिवंत पकडला गेला. फेब्रुवारी १२२० मध्ये बुखारा पडले, मार्चमध्ये समरकंद. १२२१ मध्ये गुरगंज, मर्व, नेशापूर. मृतांचे जे लाखांचे आकडे जुन्या ग्रंथांत आहेत ते आजचे इतिहासकार जसेच्या तसे स्वीकारत नाहीत, आणि मीही इथे देत नाही. मला अस्वस्थ करते ती दुसरी नोंद. समरकंदमधून ३०,००० कारागीर निवडून खानाच्या मुलांत आणि नातेवाइकांत वाटले गेले. उरलेल्या लोकांवर २ लाख दिनारांची खंडणी बसली. मर्वमध्ये कत्तलीतून वगळले ते ४०० कारागीर. म्हणजे ज्याच्या हातात कसब होते तो मालाच्या गाठीसारखा उचलून नेला गेला. शहर पुन्हा बांधता येते. मागावर बसणारा हात गेला की त्या कापडाचे नावच बाजारातून जाते.

सुलतान कुठेच उभा राहिला नाही. शहरामागून शहर मागे टाकत तो कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर पोहोचला आणि डिसेंबर १२२० मध्ये तिथे आजारी पडून मेला. ज्याच्या राज्यात जंदनी विणली जात होती त्याच्या कफनाला कापड मिळाले नाही. सोबतच्या एका सेवकाच्या सदऱ्यात गुंडाळून त्याला दफन केले, असे नसवी लिहितो. मुलगा जलालुद्दीन लढत राहिला. नोव्हेंबर १२२१ मध्ये त्याने घोड्यासह सिंधू नदीत उडी घेतली आणि दिल्लीच्या सुलतान अल्तमशकडे आसरा मागितला. अल्तमशने गोड शब्दांत नकार दिला. कादंबरी वाचून आपल्याला अल्तमशचा राग येतो. पण दिल्लीची बाजारपेठ त्या वर्षी लुटली गेली नाही, आणि जुझजानीसारख्या कितीतरी निर्वासितांना पुढे तिथेच डोके टेकायला जागा मिळाली.

हेरातचा किस्सा सैफी हरवीने चौदाव्या शतकात लिहिला आहे. १२२१ मध्ये शहर प्रथम शरण आले तेव्हा विणकरांचा पुढारी इज्जुद्दीन उंची कापड घेऊन मंगोलांसमोर गेला. त्याला आणि सुमारे हजार विणकर कुटुंबांना दूर पूर्वेला बेशबालिक इथे नेऊन मागावर बसवले गेले. मागे राहिलेल्यांनी पुढे बंड केले आणि १२२२ मध्ये हेरातची कत्तल झाली. मूठभर माणसे वाचली. चौदा-पंधरा वर्षांनी, १२३६ च्या सुमारास, ओगताई खानाने शहर पुन्हा वसवायला परवानगी दिली तेव्हा इज्जुद्दीन पहिली शंभर कुटुंबे घेऊन परतला. कालवे बुजलेले होते. आसपास ना शेतकरी होते ना बैल. विणकरांनी आधी कालवा उपसला, मग कुदळीने जमीन खणली आणि नांगराला स्वतःचे खांदे लावून पेरणी केली. पहिला कापूस हाती आला तेव्हा वीस धट्टीकट्टी माणसे तो पाठीवर लादून विकायला निघाली, आणि त्या पैशांतून शेतीचे सामान घेऊन आली.